दोन टक्के बदक

फोटो समोर आल्यावर माणूस आधी कुठे बघेल, हे मी त्या माणसाच्या आधी सांगू शकते. ही बढाई नाही, माझी नोकरी आहे. तुम्ही म्हणाल, हा काय व्यवसाय झाला? पण महिन्याच्या महिन्याला त्याचाच पगार मिळतो, त्यामुळे असावा.

आमच्या ऑफिसात एक खुर्ची आहे. तिच्यात माणसाला बसवायचं, त्याची हनुवटी एका टेकूवर ठेवायची आणि समोरच्या पडद्यावर एकामागून एक फोटो दाखवायचे. पडद्याखालचा छोटा कॅमेरा त्याच्या बुबुळांचा माग काढत राहतो. असे हजारो डोळे नोंदवून झाले, की आमचा प्रोग्राम कुठलाही नवा फोटो घेऊन त्यावर लाल-पिवळे डाग टाकतो. इथे सगळे बघणार, इथे थोडे बघणार, इथे कोणी ढुंकूनही बघणार नाही.

त्यातही माझा विषय जरा हट्टी फोटोंचा. रणरणतं ऊन आणि गडद काळोख एकाच चौकटीत असलेले. साध्या कॅमेऱ्याने असा फोटो काढला तर एक तर खिडकी पांढरीफटक होते, नाही तर खोली काळीठिक्कर. आम्ही कॅमेरा तिपाईवर ठेवून एकाच दृश्याचे सात फोटो काढतो, एक अगदी अंधारा, पुढचा थोडा उजळ, असं करत सातवा लख्ख, आणि मग ते एकमेकांत विणतो. चांगल्या पडद्यावर तो फोटो पाहिला की खिडकीबाहेरचं पानही दिसतं आणि कपाटामागची कोळिष्टकंही.

घरी हे समजावण्याचा प्रयत्न मी एकदाच केला. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लोक कुठे बघतात ते तू बघत बसतेस. मी हे गेली पन्नास वर्षं गॅलरीत उभी राहून करते आहे. मला कुणी टेकू दिला नाही."

बाबांना मात्र माझं काम पहिल्या दिवसापासून कळलं होतं. ते बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या विभागात होते. एकतीस वर्षं एका खिडकीमागे. त्यांच्या पाठीशी छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे हातमोजे, एकदा तर दातांची अख्खी कवळी. ते म्हणायचे, "या खिडकीची एक गंमत आहे. समोरचा माणूस बोलतो माझ्याशी, पण बघतो माझ्या मागे. एकतीस वर्षांत कुणी मला नीट पाहिलेलं नाही. उद्या माझ्या जागी खुंटीला टोपी अडकवून ठेवली तरी चालेल."

निवृत्तीला सात महिने उरले असताना बाबा गेले. अचानक, दुपारचा डबा खाऊन झाल्यावर, त्याच खिडकीमागे. खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला ते दोन मिनिटांनी कळलं, असं नंतर कुणीतरी सांगितलं. तो फळीवर आपली पिशवी शोधत होता.

चार महिन्यांनी डेपोच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. प्रतीक्षागृहात वेळापत्रकासाठी भलामोठा नवा पडदा बसवला होता. त्यावर बाबांचा फोटो दाखवून छोटीशी सभा करायची, आणि नंतर तोच फोटो मोठा करून खिडकीशेजारच्या भिंतीवर कायमचा लावायचा, असं ठरलं होतं. "तुमच्याकडे एखादा चांगला फोटो असेलच, मॅडम."

फोटो होता. आणि त्या हॉलमधल्या सगळ्यांनी एकदा, निदान एक मिनिटभर, बाबांच्या मागे न बघता बाबांकडे बघावं, एवढंच मला हवं होतं. ही गोष्ट घडवून आणायला माझ्याइतकी लायक व्यक्ती त्या शहरात दुसरी नव्हती. हे मी तेव्हा दोघातिघांना बोलूनही दाखवलं. ते दोघेतिघे अजून मला अधूनमधून आठवण करून देतात.

फोटो मी मागच्या वर्षी कामासाठी काढला होता. बाबा घरी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेले, हातात चष्मा, बाहेर भर दुपार. एरवी कॅमेरा दिसला की ते ओळखपत्रावरचा चेहरा करत. पण सात फोटो होईपर्यंत तो चेहरा टिकवणं त्यांना जमलं नाही.

"सात?" ते म्हणाले. "पासपोर्टलाही एकच काढतात."

"बाबा, हलू नका."

"चेहरा एकच, फोटो सात. तुमच्या ऑफिसात कुणी विचारत नाही का?"

"बाबा, बोलूही नका."

सातव्या फोटोत त्यांच्या ओठाचा एक कोपरा सुटलेला आहे. तोच सगळ्या फोटोचा जीव आहे.

मी तीन आठवडे त्या फोटोवर काम केलं. खिडकी आवरली, अंधार उघडला, चेहऱ्यावरचा उजेड जिथल्या तिथे आणला. प्रोग्राममधून काढल्यावर निकाल आला: चेहरा एक्क्याण्णव टक्के, खिडकी पाच, हातातला चष्मा दोन, डावीकडचा खालचा कोपरा दोन. तरीही माझं समाधान होईना. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला, ज्याला सगळे दाढी म्हणतात, मी कामाला लावलं. त्याने बारा जणांना खुर्चीत बसवून हा फोटो दाखवला.

"अकरा जण चेहऱ्याला चिकटले," दाढी म्हणाला.

"आणि बारावा?"

"बारावा हनुवटी टेकूवर ठेवून झोपला. त्याला मोजू नकोस."

आईला मी फोटो फोनवर पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं. "अर्धी खोली काळी दिसते आहे."

"तुझ्या फोनवर तशी दिसणार, आई. डेपोतला पडदा वेगळा आहे. तिथे कोपरान् कोपरा उजळेल."

"कोपरे कशाला उजळायचे? त्या दिवशी मी झाडलंही नव्हतं."

मी हसले. आता वाटतं, त्या बाईला माझ्या जागी नोकरीवर घ्यायला हवं होतं.

सभेच्या दिवशी सकाळीच मी डेपोत पोचले. पडदा खरोखरच सुंदर होता. पलंगाएवढा मोठा, आणि इतका तेजस्वी की फोटोतल्या खिडकीतून हॉलमध्ये ऊन पडेल असं वाटावं. बसवणारा तंत्रज्ञ मला काहीतरी सूचना देत होता, पण मी बाबांच्या कपाळावरचा उजेड निरखत होते, त्यामुळे 'हं, हं' म्हटलं. मग तो जेवायला गेला.

दुपारी हॉल भरला. चालक, वाहक, तिकीट तपासनीस, कार्यशाळेतले लोक. पहिल्या रांगेत आई आणि आत्या. त्यांच्या शेजारी रजिस्टरकाका. हे बाबांचे जुने सहकारी, शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसलेले आणि आता बाबांच्याच खिडकीत बसणारे. त्यांच्या काखेत कायम एक जाडजूड रजिस्टर असतं, म्हणून हे नाव. मी पाच वर्षांची असल्यापासून त्यांना याच नावाने ओळखते, आणि ते मला पोरी म्हणतात.

मोठे साहेब बोलले. चांगलं बोलले. "हजारो वस्तू त्यांच्या हातून गेल्या. पण या माणसाने कधी टाचणीसुद्धा घरी नेली नाही." आईने मान खाली घातली. आत्याने आजूबाजूला पाहून सगळ्यांनी ऐकलं ना याची खात्री करून घेतली. "आता आपण त्यांच्या फोटोकडे पाहत एक मिनिट शांत उभे राहू," असं म्हणून साहेबांनी स्वतः मात्र सवयीने डोळे मिटून घेतले.

फोटो पडद्यावर उमलला. मी पडद्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून उभी होते. लोकांचे डोळे बघायचे होते ना.

पहिला सेकंद. सगळे चेहऱ्यावर. दुसरा सेकंद. सगळे चेहऱ्यावर. दीडशे माणसं माझ्या बाबांकडे बघत होती. मी मनातल्या मनात सेकंद मोजत होते. त्यात दुःख किती आणि नोकरीतलं समाधान किती, हे मला आजही वेगळं काढता येणार नाही.

चौथ्या सेकंदाला रजिस्टरकाकांचे डोळे घसरले.

डावीकडे, खाली. तिथेच थांबले. मग त्यांनी शेजारच्या चालकाला कोपराने ढोसलं. चालकाचे डोळे डावीकडे, खाली. मग त्याच्या मागची रांग. वाऱ्याने गवत एका बाजूला झुकत जावं, तशी ती नजर हॉलभर पसरत गेली. दहाव्या सेकंदाला सगळा हॉल माझ्या दोन टक्क्यांत जमला होता.

फक्त एक माणूस हलला नाही. दुसऱ्या रांगेच्या टोकाला, तपकिरी कोटातले एक म्हातारे गृहस्थ. ते एकटक बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. निदान एक, मी मनात म्हटलं. दीडशेत एक.

माझी समजूत अशी झाली की पडद्यावर कोळी बसला असणार. हलणाऱ्या वस्तूकडे डोळा जातोच, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. मी चवड्यांवर चालत पडद्याजवळ गेले, रुमाल काढला आणि तो कोपरा दोन बोटांनी हळूच पुसला.

तंत्रज्ञाच्या सूचना बहुधा याच संदर्भात होत्या. पडदा स्पर्शावर चालणारा होता.

माझ्या दोन बोटांखाली तो कोपरा फुगू लागला. बाबा उजवीकडून बाहेर गेले. खुर्ची गेली, खिडकी गेली. कपाट आलं, कपाटामागचा अंधार आला, आणि मी तीन आठवडे मेहनतीने उजळलेल्या त्या अंधारातून एक बदक वर आलं. काळ्या लाकडाचं डोकं, पिवळी चोच, एका डोळ्याचा मणी गळालेला. ती एका छत्रीची मूठ होती. आणि ती आता माझ्यापेक्षा उंच होती.

मी घाबरून उलटं पुसलं. बदक आणखी मोठं झालं. मी पूर्ण हाताने थोपटलं, तेव्हा पडद्यावर नुसता एक डोळा उरला. मणी नसलेला. शेवटी मी जिथे हात पोचेल तिथे दाबलं आणि वेळापत्रक आलं.

साहेबांचं मिनिट संपलं. त्यांनी डोळे उघडले, समोर पाहिलं आणि गंभीरपणे वाचलं, "एकशे चार क्रमांकाची गाडी अनिश्चित काळ उशिरा."

"दोनशे सोळा," रजिस्टरकाका म्हणाले.

"नाही, एकशे चार."

"गाडी नाही हो, साहेब. छत्री. नोंद क्रमांक दोनशे सोळा. बदकाची छत्री!"

हॉलमध्ये जी खसखस पिकली तिचा अर्थ मला आत्याने नंतर सांगितला, आणि तिला तो एका वाहकाने तिथल्या तिथे सांगितला होता. भूगोल शिकवणारे एक निवृत्त सर नऊ वर्षांपूर्वी चुकीच्या बसमध्ये चढले होते आणि तिच्यात छत्री विसरले होते. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते बाबांच्या खिडकीशी येऊन विचारायचे, "माझी छत्री आली का?" आणि बाबा म्हणायचे, "अजून नाही." हे साऱ्या डेपोला पाठ होतं. इतकं, की तिथे अशक्य गोष्टीला तेच नाव पडलं होतं. नवे गणवेश कधी मिळणार? बदकाची छत्री आली की. कार्यशाळेतला पंखा कधी दुरुस्त होणार? बदकाची छत्री आली की.

आणि ती छत्री आमच्या घरात, कपाटामागे होती. टाचणीसुद्धा घरी न नेणाऱ्या माणसाच्या.

"सारखी दिसणारी असेल दुसरी," साहेब म्हणाले. चांगला माणूस आहे, त्यांनी मार्ग काढून दिला होता. मग त्यांनी आईकडे वळून विचारलं, "वहिनी, ती छत्री तुमचीच ना?"

आई आयुष्यात खोटं बोललेली नाही. हा तिचा गुण आम्हाला आधीही महागात पडला आहे. ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "छे. ती आठ-नऊ वर्षं तिथेच आहे. मी दोनदा कुणाला तरी देऊन टाकायला काढली होती. तर हे म्हणाले, हात लावू नकोस, दुसऱ्याची आहे."

यानंतर जी शांतता पसरली ती आधीच्या मिनिटापेक्षा कितीतरी चांगल्या दर्जाची होती.

ती आत्याने मोडली. "माझ्या भावाला छत्री चोरायचीच असती," ती उभी राहून म्हणाली, "तर त्याने चांगली तरी चोरली असती. फळ्या भरून पडल्या होत्या तुमच्याकडे. एक डोळा फुटलेलं बदक कशाला उचलेल तो?"

तिला वाटलं, आपण बाजू सावरली.

"आत्या, बस," मी म्हटलं.

"बसते. पण उत्तर द्या म्हणावं."

साहेब घसा खाकरून मला म्हणाले, "मॅडम, फोटोचं आपण... म्हणजे लावूच. फक्त ती खिडकीशेजारची भिंत जरा ओली आहे. ती वाळली की बघू."

भिंत ओली असल्याचं मला सकाळी कुणी सांगितलं नव्हतं. बाबांचा फोटो माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर चढण्याआधीच उतरत होता, आणि उतरवणारी मीच होते. मी अंधार उजळला नसता तर कुणाला काही दिसलं नसतं. मी घाईघाईने म्हटलं, "साहेब, तो कोपरा मी कापून देते. कुणाला कळणारही नाही."

"असं कापता येतं होय?" मागून तिकीट तपासनीस म्हणाला. हा जन्मभर लोकांची निमित्तं ऐकलेला माणूस. त्याच्या आवाजात मला माझा सूर ऐकू आला. पुरावा नाहीसा करणाऱ्याचा.

"काही कापायचं नाही," आत्या म्हणाली. "तो भूगोलवाला कुठे आहे? छत्री त्याची आहे, तर त्याने बोलावं. बाकीच्यांची का चोच वळवळते आहे?"

दुसऱ्या रांगेच्या टोकाचे तपकिरी कोटातले गृहस्थ उभे राहिले.

"मीच तो," ते म्हणाले. "माफ करा, माझ्या उशिरा लक्षात आलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. बदक एवढं मोठं झालं तेव्हा दिसलं. म्हटलं, अरे, हे इथे कुठे?"

"छत्री तुमचीच का?" साहेबांनी विचारलं.

"माझीच. दुसऱ्याच महिन्यात सापडली होती."

"पण तुम्ही तर नऊ वर्षं..."

"ते बरोबर आहे." सर जरा अडखळले. वर्गात न अभ्यासलेला प्रश्न आल्यासारखे. "त्यांनी मला छत्री दिली. मी सही केली. दारापर्यंत गेलो आणि परत आलो. म्हटलं, ही तुमच्याकडेच राहू दे. मी नेली तर पुढच्या महिन्यात येऊ कशाला? माझं घर तेव्हा नुकतंच रिकामं झालं होतं."

साहेबांनी त्यांना बसायची खूण केली, पण सर उभेच राहिले.

"ते म्हणाले, मालकाला परत केलेली वस्तू इथे ठेवायचा नियम नाही. मी म्हटलं, मग राहिलं. त्यावर त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, घरी ठेवतो. पुढच्या सोमवारी मी येऊन विचारलं, छत्री आली का? ते म्हणाले, अजून नाही, बसा. मी बसलो. तासभर बोललो. मग ते तसंच चालू राहिलं."

रजिस्टरकाका केव्हाच खाली बसून रजिस्टराची पानं उलटत होते. ते थांबले. "आहे," ते म्हणाले. "दोनशे सोळा. मालकास परत. खाली सरांची सही." त्यांनी चष्मा काढला. "नऊ वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी ते 'अजून नाही' ऐकत होतो, साहेब. रजिस्टर माझ्याच काखेत होतं. एकदाही पान उलटून बघितलं नाही."

मग ते सरांकडे वळले. "ते गेल्यावर तुम्ही चार सोमवार आलात. मी चारही वेळा नुसतं 'नाही आली' म्हटलं आणि तुम्ही गेलात. पुढे 'बसा' म्हणायचं असतं, हे मला सुचलंच नाही हो."

मला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा बाबांचा फोन आठवला. "आज भूगोल झाला," ते म्हणायचे. मला वाटायचं, कुठला तरी कार्यक्रम बघितला असेल. मी समोरच्या पडद्यावरचे डाग तपासत 'हं' म्हणायचे. फोनवर माणूस कुठे बघतो आहे, हे समोरच्याला कळत नाही, असा माझा समज होता.

एवढ्यात तंत्रज्ञ जेवून आला. त्याने पडद्यावरचं वेळापत्रक पाहिलं, रुमालाचे फराटे पाहिले आणि विचारलं, "हात कुणी लावला?"

दीडशे माणसांनी माझ्याकडे बघितलं. एकदम, अचूक, शंभर टक्के. असा निकाल मला नोकरीत कधी मिळालेला नाही.

बाबा पडद्यावर परत आले. साहेब म्हणाले की पहिलं मिनिट मोडलं, ते पुन्हा घेऊ. या वेळी त्यांनीही डोळे उघडे ठेवले. मी सवयीने लोकांकडे तोंड करून उभी राहिले, आणि पहिल्याच सेकंदाला सगळा हॉल बदकावर. सर तेवढे चेहऱ्यावर. मग मी मोजणं सोडलं आणि फोटोकडे वळले. तीन आठवडे मी त्यातला उजेड बघत होते. ओठाचा तो कोपरा सुटतो तेव्हा बाबांचा डावा डोळा किंचित बारीक होतो, हे मला त्या दिवशी दिसलं. सातपैकी सातही फोटोंत ते माझ्याकडे बघत होते.

सभेनंतर आईने सरांना आग्रहाने घरी नेलं, कपाटामागून छत्री काढली, पुसली आणि त्यांच्या हातात दिली. "न्या आता. मला रोज झाडायला आड येते."

"नेतो," सर म्हणाले. "पण मग मी..."

"पहिल्या सोमवारी इकडे या. इथेही खुर्ची आहे."

चौथ्या दिवशी रजिस्टरकाकांचा फोन आला. "पोरी, यंदाची नोंद दोनशे सदतीस."

"काय दोनशे सदतीस?"

"बदक. एकशे चार क्रमांकाच्या गाडीत, मागच्या सीटवर. सर त्या दिवशी तुमच्याकडून निघाले आणि परत चुकीच्या बसमध्ये बसले."

"मग त्यांना कळवलं का?"

"कशाला? सोमवार काही लांब नाही. विचारायला आले की सांगेन, अजून नाही, बसा."

म्हणजे आता सरांना सोमवारी दोन ठिकाणी जावं लागतं. आधी डेपो, मग आमचं घर. आत्या त्या दिवशी मुद्दाम येते आणि त्यांना नकाशातलं काहीतरी विचारते.

फोटोचं म्हणाल, तर साहेबांनी शब्द पाळला. अडचण एकच आली. खिडकीशेजारची भिंत खरोखरच ओली निघाली. फोटोसाठी कोरडी जागा एकच सापडली, खिडकीच्या आत, रजिस्टरकाकांच्या खुर्चीच्या मागे, दोन फळ्यांच्या मधोमध. माझा सल्ला कुणी विचारला नाही आणि मी तो दिलाही नाही. मागच्या आठवड्यात मी तिथे जाऊन बाकावर तासभर बसले. लोक येतात, रजिस्टरकाकांशी बोलतात, आणि बघतात त्यांच्या मागे. थेट बाबांकडे. सगळेच्या सगळे. माझ्या कुठल्याही प्रोग्रामला हे जमलं नसतं, ओलीने जमवलं.

दोन टक्क्यांचा आकडा मी अहवालात बदललेला नाही. खाली बारीक अक्षरात 'ओळखीची माणसं वगळून' एवढी टीप टाकली आहे. पण आता ती टीपही पुरेशी नाही, असं रजिस्टरकाका म्हणतात. कारण हे अनोळखी लोक चेहऱ्याकडे नीट बघून झालं, की हळूच डावीकडे खाली बोट दाखवतात. फोटोतली ती छत्री आपलीच आहे, असं आतापर्यंत चार जणांनी लेखी दिलं आहे.